रेक्झिनची सवत

नोएडाच्या सेक्टर एकसष्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटात, बाल्कनीच्या दाराशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. उजवीकडची तपकिरी रेक्झिनची, ताठ आणि तुकतुकीत. तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष आधी जातं. डावीकडे मोहरीच्या रंगाच्या कापडाची, थोडी कुरकुरणारी जी आहे, ती मी. आज मला बोलायचंय. आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यात मत्सर पुष्कळ आहे. लाकडाला कसला मत्सर, असं तुम्ही म्हणाल. अठ्ठावीस वर्षं एका माणसाला मांडीवर घेऊन बसा आणि मग सांगा.

आम्ही दोघी दिल्लीच्या कीर्तीनगरात, एका शिसवी ओंडक्यातून निघालो. सुताराने आधी मला केलं, मग तिला. म्हणजे मी तिच्याहून अर्ध्या दिवसाने मोठी. हे मोठेपण तिने कधी मानलं नाही.

गुणवंतराव तेव्हा नुकतेच बदलून दिल्लीला आले होते. नद्यांच्या पाण्याची पातळी मोजून पुराचे अंदाज देणाऱ्या सरकारी खात्यात ते इंजिनीयर. लग्नाला बारा वर्षं झालेली, मुलगी स्वरूपा सहा वर्षांची, आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये लोखंडी पलंग आणि घडीच्या खुर्च्या. सुमित्राबाईंनी हट्ट धरला, "अहो, संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून चहा प्यावा अशा दोन खुर्च्या तरी घ्या. बाकी काही नको मला." म्हणून आम्ही आलो.

आमच्या अंगावरचं कापड सुमित्राबाईंनी निवडलं. त्या वर्षी संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबच्या स्मारकाला गेली होती. परतताना बस बाजारात थांबली, तेव्हा हातमागाच्या दुकानात सुमित्राबाई शिरल्या त्या तासाभराने बाहेर आल्या. मोहरीचा रंग आणि त्यावर मरून पट्टे. पुढे ते कापड दोनदा बदललं, पण दोन्ही वेळा तिथूनच आणि तसंच आणलं. सुमित्राबाईंना उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार लागायचं ते.

डावीकडे मी, माझ्यात गुणवंतराव. उजवीकडे ती, तिच्यात सुमित्राबाई. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण पहिल्या संध्याकाळी जे जिथे बसले ते तिथेच राहिले. गुणवंतरावांना डावीकडे रेलून बसायची सवय. पेपर वाचताना, रेडिओ ऐकताना, स्वरूपाची गणितं तपासताना त्यांचं सगळं वजन माझ्या डाव्या बाजूवर. हळूहळू माझी त्या बाजूची जोडणी सैल झाली आणि मी कुरकुरू लागले. सुमित्राबाई म्हणायच्या, "सुताराला बोलवू या." ते म्हणायचे, "असू दे. मी बसलो की ती बोलते." त्या बोलण्यावर मी कितीतरी वर्षं जगले.

निवृत्तीनंतर आम्ही इथे नोएडाला आलो. स्वरूपा मोठी झाली, लग्न करून पलीकडच्या सेक्टरमध्ये राहायला गेली आणि इथल्याच एका न्यूज चॅनेलच्या ऑफिसात नोकरीला लागली. आमचं मात्र तेच चाललं होतं. पाच वाजता चहा, दोन कप, दोन खुर्च्या.

मग गेल्या ऑगस्टमध्ये गुणवंतरावांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. ते घरी आले, आठ दिवस पलंगावर होते आणि नवव्या दिवशी येऊन माझ्यात बसले. मला काय आनंद झाला होता!

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी दुपारी ते मॅच बघत बसले होते. सुमित्राबाई स्वयंपाकघरात होत्या. गुणवंतरावांना लागोपाठ तीन शिंका आल्या. तिसऱ्या शिंकेला माझ्या कापडातून एक ऊब खाली उतरली.

टीव्हीवर लोक ओरडत होते. गुणवंतराव उठले, त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बाजूच्या स्टुलावर पाण्याचा पेला होता. तो त्यांनी उचलला आणि सावकाश, सगळा माझ्यावर ओतला.

"अगं, पाणी सांडलं माझ्या हातून," त्यांनी आत हाक मारून सांगितलं.

"असू दे हो, सुकेल," आतून उत्तर आलं.

ते गुपित त्यांचं आणि माझं. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. एवढ्या वर्षांच्या बायकोला जे सांगितलं नाही ते त्यांनी माझ्यापाशी ठेवलं होतं.

पण अभिमान फार दिवस टिकला नाही. पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा पुन्हा पाणी कसं सांडणार? डॉक्टरांनी सांगितलेले पॅड कपाटात तसेच पडून होते. ते लावायचे म्हणजे घरातल्या कचऱ्याच्या डब्यात दिसणार. एक-दोनदा त्यांनी टॉवेलची घडी घालून ती खाली घेतली. आणि मग एके दिवशी ते माझ्याकडे आलेच नाहीत. बाल्कनीत जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

ती प्लास्टिकची खुर्ची! पांढरी, एका पायाला तडा गेलेली, वर चढून पंखे पुसायला ठेवलेली. तिच्यात ते सकाळचा पेपर वाचू लागले आणि चहासुद्धा तिथेच मागू लागले. काचेच्या दारातून मी बघत बसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. हिच्यात काय आहे? ना फोम, ना कापड, ना शिसवीचं लाकूड. तिला तर त्यांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात जळणारी मी एकटी नव्हते. सुमित्राबाई एकट्याच त्यांच्या खुर्चीत बसून चहा घेत. शेजारी मी रिकामी. एकदा त्या दारातूनच म्हणाल्या, "त्या प्लास्टिकच्या खुर्चीला सोनं लागलंय का? की माझ्या शेजारी बसणं जड झालंय तुम्हाला?"

"इथे हवा बरी येते," गुणवंतराव रस्त्याकडे बघत म्हणाले.

"चाळीस वर्षांत कधी हवा लागली नव्हती," असं म्हणून त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकून दिला.

दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघाली. सुमित्राबाईंनी मला उचलून आडवं केलं, खालची जळमटं काढायला. माझ्या बैठकीखाली सुताराने एक काळं कापड ठोकलेलं आहे. त्यावर पिवळट कडांची वर्तुळं उमटली होती, एकात एक. साध्या पाण्याने तसे डाग पडत नाहीत. त्यांनी नाक जवळ नेलं आणि त्या जमिनीवर माझ्या शेजारीच बसल्या. झाडू हातात तसाच. खूप वेळ त्यांनी त्या वर्तुळांवर तळहात ठेवला होता.

मग मला सरळ करून जागेवर ठेवलं. गुणवंतरावांना त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते खाली दूध आणायला गेलेले असताना त्यांनी स्वरूपाला बोलावून घेतलं.

स्वरूपा दिल्लीतच वाढली. तिच्या मराठीत हिंदी आणि इंग्रजी बिनभाड्याने राहतात. सगळं ऐकून ती म्हणाली, "अच्छा, म्हणून बाबा बाल्कनीत बसतात! आई, मला वाटलं तुमचं भांडण झालंय. पण हे तर सिंपल आहे यार. खुर्चीला वॉशेबल कव्हर करून टाकू. रेक्झिन. पुसलं की बात खतम."

"पण त्यांना सांगायचं कसं?"

"सांगायचंच कशाला? सरप्राइज."

"त्यांनी मला सांगितलं नाही, म्हणजे ते फार ओशाळलेत गं."

"ओशाळले म्हणजे?"

सुमित्राबाई थांबल्या. "म्हणजे शर्मिंदा. पण नुसतं तेवढंच नाही. आपणच आपल्याला नकोसे होतो ना जरा, आणि दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. तसं."

स्वरूपाने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला.

दोन दिवसांनी, गुणवंतराव डॉक्टरांकडे गेलेले असताना, शराफतभाई आले. भंगेलच्या बाजारात सोफे आणि खुर्च्या मढवायचं त्यांचं लहानसं दुकान आहे. साठीचे गृहस्थ, कानावर पेन्सिल, काखेत नमुन्यांची जाडजूड वही. त्यांनी आधी मला उलटं केलं. खालचं काळं कापड बघितलं, काही न बोलता पुन्हा सरळ केलं आणि वही उघडली.

स्वरूपाने पहिल्याच पानावरच्या एका चकचकीत नमुन्यावर बोट ठेवलं.

"चमक पे मत जाइए, बेटा," शराफतभाई म्हणाले. "उलटा करके देखिए."

त्यांनी तो नमुना उलटला. मागे जखमेच्या पट्टीसारखी विरळ जाळी होती. मग दुसरा उलटला, त्याच्यामागे घट्ट विणलेलं कापड. पहिल्या नमुन्याची घडी घालून त्यांनी तिच्यावरून नख ओढलं, तर घडीवर पांढरी रेघ उमटली. ती रेघ एक वर्षात चीर होते, म्हणाले, आणि मग पापुद्रे निघून बसणाऱ्याच्या कपड्यांना चिकटतात. दुसऱ्या नमुन्यावर नखाचा काही परिणाम झाला नाही. त्यांनी तो आडवा ओढला, उभा ओढला, सोडला. पुन्हा होता तसा झाला. स्वरूपाने पर्समधलं बॉलपेन काढून त्यावर एक रेघ मारली आणि लगेच ओल्या फडक्याने पुसली. गेली!

सुमित्राबाईंनी आधी वास घेतला. मग ब्लाउजच्या बाहीखालचा दंड नमुन्यावर टेकवून बराच वेळ तसाच ठेवला. "गर्मी में चिपकेगा?"

"थोड़ा तो चिपकेगा, बहनजी. झूठ क्यों बोलूँ? इसीलिए सपाट मत लीजिए, ये दानेदार वाला लीजिए." त्यांनी बारीक दाणे उठलेला, खरखरीत नमुना पुढे केला.

"हा छोट्या छोट्या छेदांचा आहे ना, तो? याच्यातून हवा जाईल," स्वरूपा म्हणाली.

शराफतभाईंनी डोकं हलवलं. "हवा जाएगी, तो बाकी सब भी जाएगा." मग वहीत बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बैठेगा कौन?"

"मेहमान," सुमित्राबाई पटकन म्हणाल्या.

शराफतभाईंनी वर पाहिलंही नाही. "ठीक है. मेहमानों के लिए बैठक के ऊपर सिलाई नहीं आने दूँगा. सुई के छेद से ही पानी उतरता है. अंदर एक शीट भी डाल दूँगा. सफाई साबुन के पानी से कीजिए, फिनाइल-स्पिरिट मत लगाइए, कड़क हो जाता है."

सुमित्राबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वहीची पानं उलटत राहून ते लपवलं.

मी मनातून सजून बसले होते. मला कापडाचं प्रेम होतं, पण गुणवंतराव परत येणार असतील तर मी रेक्झिनच काय, पत्रासुद्धा अंगावर चढवून घेतला असता. शराफतभाईंनी माझे हात धरून मला पुढे-मागे हलवलं. मी कुरकुरले.

"इसकी चूल ढीली है," ते म्हणाले. चूल म्हणजे माझा लाकडाचा सांधा. जाड रेक्झिन खूप ताणून ठोकावं लागतं; सैल चौकटीला तो ताण सोसत नाही, वर्षभरात सांधा निसटेल. मग ते तिच्याकडे वळले, तिला हलवलं. ती हूं की चूं न करता ताठ उभी राहिली. "ये पक्की है. ये वाली कीजिए."

पक्की का नसणार? तिच्यात पन्नास किलोच्या सुमित्राबाई सरळ बसायच्या! माझा सांधा गुणवंतरावांच्या वजनाने सैल झाला होता, आणि त्याच सैलपणापायी आता त्यांची जागा तिला मिळत होती. दाराबाहेर नेताना ती माझ्याकडे बघून हसली, असं मला आजही वाटतं.

माझा सांधा सरस लावून आवळला, फोम बदलला, कापड धुऊन परत चढवलं. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. गडद तपकिरी, कडा नेमक्या, बैठकीवर एक टाका नाही. नवरीसारखी आणून तिला माझ्या शेजारी ठेवली.

गुणवंतराव बाल्कनीतून आत आले आणि थबकले. "हे काय?"

"बसून तर बघा," सुमित्राबाई म्हणाल्या.

"कुणासाठी केलंय हे?"

स्वरूपा मोबाइलमध्ये बघत राहिली. गुणवंतरावांचा चेहरा हळूहळू बदलला. आपलं गुपित फुटलंय हे त्यांना कळलं, ते मला इथून दिसलं.

"ओपीडीबाहेर असते तशी दिसतेय," ते म्हणाले. "मला विचारलं असतं तर?"

"बाबा, तुमच्या कम्फर्टसाठीच..."

"जोडीतली एकच अशी. येणारा-जाणारा विचारेल, ही का अशी? काय सांगणार आहात तुम्ही दोघी?" आणि शाल घेऊन ते परत प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. बस आता रिकामी! एवढं नटून काय मिळालं? डिसेंबर गेला. बाहेर धुकं एवढं की समोरची बिल्डिंग दिसेना, आणि गुणवंतराव माकडटोपी घालून बाल्कनीत. सुमित्राबाई त्यांचा चहा तिथे घेऊन जायच्या. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दाराच्या चौकटीला टेकून, उभ्यानेच आपला कप संपवायच्या. थंडीने त्यांचे गुडघे दुखायचे. आत आम्ही दोघी रिकाम्या. मी तिच्या रिकामपणात इतकी खूश होते की त्या उभ्या बाईकडे माझं लक्षच गेलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. हिंमतराव आणि हौसाबाई. हिंमतराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होते तेव्हा तिथल्या गणपतीत गुणवंतरावांशी दोस्ती झाली, ती पक्की राहिली. आता ते साताऱ्याजवळ गावी असतात. काला अंबला दर्शन घेऊन परतीच्या गाडीआधी दोन तास आमच्याकडे आले होते.

हिंमतराव दिवाणावर बसले. हौसाबाई येऊन थेट तिच्यात बसल्या, माझ्या सवतीत. बसल्याबरोबर त्यांनी तिच्या हातावरून हात फिरवला, मग वळून माझ्याकडे पाहिलं. गुणवंतराव बाल्कनीच्या दारात उभे होते, तिळगूळ घ्यायला आत येता येता थांबलेले.

"काय वो वहिनी, ही एकच का बरं अशी केली? जोडीतली?"

मनातून मी ओरडत होते. सांगा! सांगा एकदा सगळ्यांना ती कशासाठी आहे ते. मला वाटत होतं लाज तिची जाईल. त्या वेळी मला दुसऱ्या कुणाचाच विचार नव्हता.

सुमित्राबाईंच्या हातात तिळगुळाचं ताट होतं. त्यांनी ते शांतपणे स्टुलावर ठेवलं.

"माझ्यासाठी केली," त्या म्हणाल्या. "मला हल्ली त्रास होतो हो. खोकलं, शिंकलं की आवरत नाही. कापड सारखं कुठे धुणार? वय झालं आता."

भाजीत मीठ जास्त पडलं असं सांगावं, तशा सहज आवाजात. हौसाबाई "अगं बाई" म्हणाल्या. हिंमतराव जमिनीकडे बघू लागले. माझ्या उजवीकडची ती सवतसुद्धा माझ्यासारखीच सुताराने जोडलेलं लाकूड आहे, हे प्रथमच मला जाणवलं. आम्ही दोघी नुसत्या खुर्च्या होतो. खरी मेहनत सुमित्राबाई करत होत्या.

गुणवंतराव दारातून पुढे आले. येऊन हौसाबाईंसमोर उभे राहिले.

"हौसावहिनी, जरा उठता का?"

त्या गडबडून उठल्या. गुणवंतराव वळले आणि त्या खुर्चीत बसले. रेक्झिन चर्रकन वाजलं.

"ही खुर्ची माझी आहे," ते म्हणाले. "सुमित्राला काहीसुद्धा झालेलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून मलाच आवरत नाही." मग सुमित्राबाईंकडे बघत म्हणाले, "वीस वर्षं यमुना धोक्याची पातळी कधी ओलांडेल ते सांगत आलो. माझं मला सांगता येईना."

कुणी हसलं नाही. मग गुणवंतराव स्वतःच हसले, आधी थोडे, मग मोकळेपणाने, खांदे हलेपर्यंत. सुमित्राबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मला इतक्या जवळून सुद्धा कळलं नाही.

हिंमतराव उठून आले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून अंगठा घासला, कडेची शिवण दाबून पाहिली, जशी ते पूर्वी बूट आणि पट्टे तपासत असतील.

"टिकतं का हो हे, गुणवंतराव?"

"चांगलं घेतलं तर सात-आठ वर्षं, असं तो मढवणारा सुमित्राला सांगून गेलाय. उलटं करून बघायचं, मागचं कापड घट्ट हवं."

"साताऱ्याला मिळेल?"

हौसाबाई तिळगुळाच्या ताटातला एकेक हलव्याचा दाणा निरखून बघत होत्या. सुमित्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आत गेल्या, आणि शराफतभाईंनी ठेवलेला रेक्झिनचा वीतभर उरलेला तुकडा घेऊन आल्या. त्याची घडी करून त्यांनी ती हौसाबाईंच्या पिशवीत, तिळगुळाच्या पुडीखाली ठेवली. "दुकानदाराला दाखवा. म्हणावं, अस्संच पाहिजे." हौसाबाईंनी पिशवीचा बंद आवळून घेतला.

त्या दिवसापासून गुणवंतराव तिच्यात बसतात. आणि सुमित्राबाईंची खुर्ची त्यांनी घेतली, म्हणून सुमित्राबाई माझ्यात.

आता मे महिना चालू आहे. माझा मत्सर गेला असं तुम्हाला ऐकायचं असेल, तर निराशा होईल. रोज सकाळी त्या तिला साबणाच्या फडक्याने पुसतात, मग कोरड्या फडक्याने, बाळाला न्हाऊ घालावं तशा. मला फक्त रविवारी ब्रश. तिच्यात आता गुणवंतरावांच्या बसण्याचा खळगा पडायला लागलाय, आणि तो डावीकडे आहे. तो खळगा बघितला की माझा जीव जळतो. उकाड्यात त्यांची पाठ तिला चिकटते, उठताना चटकन आवाज होतो आणि ते "आई गं" म्हणतात, तेव्हा मला बरं वाटतं. मग सुमित्राबाई त्यांच्यासाठी जुन्या सुती चादरीचा तुकडा अंथरतात आणि मला त्या चादरीचाही राग येतो.

पण सुमित्राबाईंचं वजन आता माझ्या ओळखीचं झालंय. गुडघे दुखतात म्हणून उठताना त्या माझ्या दोन्ही हातांवर भार देतात. इतकी वर्षं ही बाई दोन फुटांवर बसत होती आणि मला तिची काही माहिती नव्हती.

गेल्या महिन्यात शराफतभाई पुन्हा आले होते. माझा सांधा आता घट्ट बसलाय, दुसरीलाही रेक्झिन चढवून जोडी सारखी करायची का, असं विचारायला. या वेळी वही गुणवंतरावांच्या मांडीवर होती. त्यांनी नमुने उलटे करून पाहिले, नख ओढून पाहिलं. मग वही मिटली आणि सुमित्राबाईंना विचारलं, "बसणार तू. तुला काय हवं?"

"कापड," त्या म्हणाल्या.

"मग कापडच राहू दे. कुणी विचारलं तर सांगू."

म्हणून मी अशी आहे, कापडाची, आणि ती तशी. तुमच्याही घरी कधी ना कधी खुर्ची मढवायची वेळ येईल. घट्ट विणीचं घ्या, दानेदार घ्या, शिवण बैठकीवर येऊ देऊ नका. पण वही उघडाल तेव्हा जो बसणार आहे त्याला जवळ बोलवा. माझं मागणं एवढंच. आमच्याकडे तेवढं राहून गेलं आणि एक माणूस महिनाभर धुक्यात बसला.

पाच वाजत आलेत. ते दोघं चहाला बसले की मला बोलता येणार नाही, म्हणून कालचं तेवढं सांगते आणि थांबते. काल चहा संपल्यावर सुमित्राबाईंचा उजवा हात माझ्या हातावर टेकलेला होता. गुणवंतराव काहीतरी सांगता सांगता वाकले आणि त्यांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि बराच वेळ तिथेच राहू दिला. वजन सुमित्राबाईंच्या हातावर होतं. पण त्यांच्या हातातून थोडं खाली माझ्यापर्यंत उतरलं. तेवढा वेळ तिच्या, त्या रेक्झिनवालीच्या, वाट्याला फक्त त्यांची पाठ आली.